दाजींचं न थांबणारं विमान

दाजींच्या कीबोर्डवर एक बटण नव्हतं. ते आपोआप पडलं नव्हतं, दाजींनीच स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढलं होतं. ते दाबलं की कॉम्प्युटरवरच्या खेळातलं विमान आहे तिथेच, ऐन आभाळात उभं राहायचं. मग माणसाने खुशाल चहा प्यावा, दारावरची दुधाची पिशवी घ्यावी आणि परत येऊन पुढे उडावं. दाजींच्या लेखी ही शुद्ध लबाडी होती. "खरं विमान हवेत थांबतं का?" ते विचारायचे. एकदा उडाले की उतरेपर्यंत दाराची बेल वाजो नाहीतर गॅसवर दूध उतू जावो, हा गृहस्थ जागचा हलत नसे. ताई मुकाट्याने दार उघडी आणि आलेल्याला सांगे, "बसा, हे अजून हवेत आहेत."

ताई ही पेंटरची थोरली बहीण. दाजी तिचा नवरा, म्हणून पेंटर त्यांना दाजी म्हणे, आणि त्याचं ऐकून सगळी गल्ली म्हणू लागली. पेंटरचं खरं नाव तर त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागलं असतं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. छापील फलक आले तसा तो ब्रश ठेवून कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकला.

दाजींनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टला आरसा लावा, पितळेचा कठडा लावा, त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. लिफ्ट मजल्याच्या रेषेत थांबली पाहिजे, नाहीतर म्हातारं माणूस ठेचकाळतं, एवढंच ते बघत. आणि दोन मजल्यांच्या मधे थांबलेली लिफ्ट म्हणजे त्यांच्या जगातला सगळ्यात मोठा गुन्हा. आत अडकलेल्या माणसाशी ते फटीतून बोलत राहत, त्याला बाहेर काढेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी अडगळीची खोली रिकामी केली, भंगारातल्या मोटारीची सीट पट्ट्यासकट आणून बसवली आणि एका जुन्या लिफ्टचं बटणांचं पॅनेल टेबलाला ठोकलं. वरचा बाण दाबला की विमानाची चाकं पोटात जात, खालचा दाबला की बाहेर येत. शेजारच्या खुर्चीत कुणीही बसलं तरी आधी पट्टा बांधायची सक्ती होती. ताईच्या खुर्चीला पट्टा नव्हता, म्हणून तिला ओढणी बांधायला लावली होती. ती हसायची, पण बांधायची.

दर रविवारी सकाळी पेंटर तिथे हजर होई आणि दोघांची जुंपे. कॉम्प्युटर होता जुना. त्याला एका वेळी दोनपैकी एकच गोष्ट नीट झेपायची. एक तर विमान खऱ्यासारखं उडणार, म्हणजे वारा त्याला ढकलणार, इंजिन तापणार, वजन एका बाजूला झालं की ते कलणार. नाहीतर खालची दुनिया खरी दिसणार, झाडं, छपरं, नदीवरचं ऊन. दाजींनी सगळी ताकद विमानाला दिली होती आणि जमिनीच्या नावाने एक हिरवा पट्टा होता, त्यावर काड्यापेट्यांएवढी घरं.

"तुमचं जग म्हणजे बिलियर्डचं टेबल आहे हो," पेंटर म्हणे. "एवढं वर जायचं आणि बघायचं काय?"

"सुया बघायच्या," दाजी समोरच्या गोल तबकड्यांकडे बोट दाखवत. "आणि तुझ्या घरचं ते विमान उडत नाही पेंटर, सरकतं. इस्त्री सरकते तसं."

पेंटरला हे झोंबे, कारण ते खरं होतं. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर आख्खं शहर पानापानासकट रंगवलं होतं आणि त्यावरून विमान खरोखरच इस्त्रीसारखं फिरवत बसे. पण मनातून तो दाजींना मानत होता. आडव्या वाऱ्यात डुगडुगणारं विमान दाजी हलक्या हाताने रनवेवर असं टेकवत की पेंटर श्वास रोखून बसे आणि नंतर वादात मुद्दाम चढा आवाज काढे.

मग ताईच्या डोळ्यांचं झालं. एक डोळा आधीच गेल्यात जमा होता, आता दुसराही त्याच वाटेने चालला होता. कडेचं दिसे, पण ज्याच्याकडे नीट बघावं तेच नेमकं धुरकट होऊन जाई. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पावसाळ्यानंतर आहे तेवढंही राहील असं सांगता येत नाही, म्हणाले. बघायची वस्तू हलती नसावी, मान थोडी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा, हेही त्यांनीच शिकवलं. दाजी घरी येऊन खोलीत गेले आणि विमान सुरू न करताच सीटवर बसून राहिले.

ताईने रडारड केली नाही. भाजी निवडताना एकदा एवढंच म्हणाली, "माहेरचं घर एकदा बघायला मिळालं असतं ना, तर बरं झालं असतं."

ते घर केव्हाच पाडलं गेलं होतं. तिथे आता पत्र्याचं गोदाम होतं. फोटो म्हणावा तर एकच, त्यात अर्धं दार आणि काकांचा खांदा.  ते पेंटरचंही घर होतं. "मी करतो ना," तो म्हणाला. "दाजी, तुमच्या विमानाखाली मी घर उभं करतो. पण विमानाची थोडी ताकद मला द्यावी लागेल."

आता दाजी उसळणार म्हणून त्याने अंग चोरलं. दाजींनी फक्त विचारलं, "गल्ली किती रुंद होती?"

पेंटर कामाला लागला. आकाशातून घेतलेल्या चित्रात गोदाम अगदी स्वच्छ दिसत होतं. जसं दिसतं तसंच दाखवा म्हणून जगाशी भांडणाऱ्या या माणसाने ते खरंखुरं गोदाम पुसून टाकलं. ताई शेजारी बसून सांगे आणि तो काढे. जिना बाहेरून होता. स्वयंपाकघराची खिडकी कधी लागायची नाही. परसात तुतीचं झाड. छपराचा एक पत्रा नंतर बदललेला, म्हणून बाकीच्यांहून उजळ. दोघं भावंडं भांडली, हसली, आणि घर उभं राहिलं.

रविवारी सकाळी तिघं खोलीत जमली. ताईने ओढणी बांधली. दाजींनी नेहमीप्रमाणे सगळी तपासणी केली, एकही पायरी गाळली नाही, आणि विमान उडवलं. माहेरची गल्ली जवळ आली.

"डावीकडे बघ," दाजी म्हणाले.

"कुठंय?"

"ते काय, झाडाजवळ."

"गेलं का हो?"

गेलं होतं. ताईची मान वळून डोळ्याचा कोपरा जागेवर येईपर्यंत घर मागे पडलं. दाजींनी वळसा घेतला. पुन्हा तेच. मग ते खाली उतरले, वेग कमी केला. आणखी कमी केला. वेग फार उतरला की पंखांखालची हवा विमानाला उचलून धरत नाही, हे दाजींना नाही तर कुणाला ठाऊक? पण बायकोला घर दिसावं म्हणून हा काटेकोर माणूस सुईकडे बघूनही न बघितल्यासारखं करत राहिला. विमान थरथरलं, नाक खाली गेलं आणि ते धाडकन सासऱ्यांच्या छपरावर कोसळलं. पडदा काळा झाला.

 पहिल्यांदा ताईच हसली. "जावई पहिल्यांदाच न बोलावता आला माहेरी, आणि आला तो असा!"

पेंटर हसला. दाजी हसले नाहीत. ताईने ओढणीची गाठ सोडली. "राहू द्या हो," ती हळूच म्हणाली. "मला आता पळती वस्तू सापडत नाही. तुम्ही दोघांनी एवढं केलंत, पोचलं मला." ती भिंत चाचपत उठली.

"बस," दाजी म्हणाले.

"अहो, पण..."

"बस गं. पट्टा बांध."

त्यांनी पुन्हा रनवेपासून सुरुवात केली. पुन्हा सगळी तपासणी, पुन्हा तोच वारा. घाई नाही की आडवाट नाही. विमान चांगल्या वेगाने गल्लीवर आलं, डावा पंख कलला आणि घर विमानाच्या खिडकीच्या मधोमध आलं. दाजींनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बटण नसलेल्या त्या खळग्यात टोक दाबलं.

सगळ्या सुया जागच्या जागी थांबल्या. विमान आभाळात उभं राहिलं. पेंटरला आधी कळलंच नाही काय झालं ते. कळलं तेव्हा त्याने दाजींकडे बघितलं, तर ते मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

ताईने हनुवटी वर केली, मान उजवीकडे वळवली, थोडी परत आणली. बराच वेळ ती तशीच राहिली.

"उजळ पत्रा जिन्याच्या बाजूला होता रे," ती म्हणाली. "तू पलीकडे लावलास."

"बदलतो."

"नको, हलवू नकोस काही. खिडकी उघडी आहे. आई तिथूनच हाक मारायची आपल्याला."

पेंटरचे डोळे भरून आले आणि ऐन वेळी त्यालाच घर दिसेनासं झालं.

मग ताई भानावर आली. "चला, घ्या पुढे. माझ्यासाठी खोळंबलंय तुमचं विमान."

"खोळंबू दे," दाजी म्हणाले. "तू बघ."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दोघांपैकी कुणीच हललं नाही, तेव्हा पेंटर डोळे पुसत बाहेर गेला. शेजारीण उभी होती. "दाजी आहेत का? आमचा दिवा लागत नाहीये."

"बसा," पेंटर म्हणाला. "दोघंही अजून हवेत आहेत."