न पडलेल्या घड्या

साकोलीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. हायवेवर ट्रकखाली आलेल्या एका वानराचा मेंदू आम्ही फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवला होता. शेजारच्या बरणीत उंदराचा, शेंगदाण्याएवढा. दरवर्षी त्या बरण्या टेबलावर मांडून मी तो धडा आवडीनं घ्यायचो. उंदराचा मेंदू गुळगुळीत, वानराच्या मेंदूला घड्या, माणसाच्या मेंदूला त्याहून कितीतरी जास्त आणि खोल. वानरकुळात लाखो वर्षांत मेंदूचा वरचा थर वाढत गेला, आतला भाग त्या मानानं वाढला नाही, म्हणून तो थर दुमडत गेला. दुमडल्यामुळे लांबचे भाग जवळ आले, त्यांना जोडणारे धागे आखूड झाले. "आईच्या पोटात पाचव्या महिन्यापर्यंत आपलाही मेंदू जवळजवळ गुळगुळीतच असतो," असं सांगितलं की पोरं आपापल्या डोक्याला हात लावायची.

आमची मुलगी वर्षाची झाली तरी मान धरत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही. कडेवर घेऊन फिरलं की मात्र हसायची. पुढे तिला झटके येऊ लागले. नागपुरात तेव्हा डोक्याचे फोटो काढणारं मशीन नवीनच आलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मी काय शिकवतो ते त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ते फार बोलले नाहीत. घड्या जवळपास नव्हत्याच. पोटात असताना पेशी आपापल्या जागी पोचल्याच नव्हत्या.

परतताना एसटीत बायकोनं विचारलं, "माह्यं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. तेवढंच.

त्या दिवाळीत आम्ही माझ्या गावी, कोंढ्याला गेलो. अंगणात शेजारच्या चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत माझी आई म्हणाली, "पोटुशी असतानी गिरानात भाजी चिरली असन इनं. कितीदा बजावलं होतं." बायको मुलीला भात भरवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात पाऊण तास न थांबता बोलणारा मी, चपला घालून शेताकडे निघून गेलो. धान कापणीला आलं होतं. बांधावर उभा राहून उगाच लोंब्या पाहत राहिलो.

मुलगी चौथ्या वर्षी गेली. तापात झटका आला, तो थांबलाच नाही.

तेरवी झाल्यावर मी बायकोला सगळं समजावून सांगायला बसलो. पेशी, घड्या, ग्रहणाशी याचा काही संबंध नसतो, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मायले सांगाचं होतं तुमी. त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी कोंढ्याला गेलो. आई लाखोळीची डाळ निवडत होती. मेंदूचं तिला फारसं कळलं नाही, पण सुनेचा दोष नव्हता हे कळलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग तवाच काहून नाई बोलला रे?"

आठवड्याभरात ती एकटीच बसनं साकोलीला आली. बायकोनं पाणी दिलं, चहा केला. आई तिच्याजवळ बसून लसूण सोलत राहिली. माफीचा शब्द तिला काढता आला नाही, पण जाताना सुनेच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

बायको कोंढ्याला पुन्हा कधी आली नाही. मीही तिला चल म्हटलं नाही.