सात नंबरची चुन्याची पट्टी

इथं हिमालयात बर्फ पडून गेलं की कामाआधी एक खड्डा खणतात. आमच्या रस्त्याच्या टोळीतला एक म्हातारा डोंगरी माणूस फावड्यानं कमरेइतकं खणतो आणि खड्ड्याची कड बोटांनी चाचपत बसतो. वर वाऱ्यानं दडपलेला कडक थर, त्याखाली जाड्या साखरेसारखं भुसभुशीत. ती साखर हाती लागली की तो मान हलवतो. म्हणजे वरचं सगळं घसरायला टेकलंय. परवाच्या वादळानंतर त्यानं मान हलवली आणि मला आमचा लोणावळ्याचा घाट आठवला.

मी तिकोणा पेठेकडचा. चौथीत शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी घाटातल्या रेल्वेच्या गँगमध्ये लागलो. मुकादम उर्से गावचे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. चार दिवस कोसळून पाऊस उघडला की ते कडा तपासायला निघत. धुक्यात इंजिनाचा धूर मिसळलेला असायचा. तो वास अजून नाकात आहे. आबा झऱ्याचं पाणी ओंजळीत धरून बघायचे, गढूळ की निवळ. हातोडीनं दगड ठोकायचे. खणखणला तर ठीक, भद्द वाजला तर आत पोकळ. शिवाय कड्यातल्या प्रत्येक भेगेवर आडवी, जाड चुन्याची पट्टी असे. दगड केसभर सरकला तरी पट्टी तडकायची. पट्ट्यांवर आकडे घालायचं काम माझं, कारण गँगमध्ये लिहिता मला एकट्यालाच यायचं.

त्या श्रावणात साहेब पाहणीला येणार असं कळलं. उघडीप बघून मी सगळ्या पट्ट्या नव्या चुन्यानं लिंपल्या, आकडे वळणदार काढले. सात नंबरची तडकलेली होती. ती बुजवताना वाटलं, बरं झालं, साहेबाला दिसायची नाही. खरं सांगतो, एवढंच वाटलं.

साहेब यायच्या आतच पाऊस आला आणि तीन दिवस झोडपून गेला. चौथ्या सकाळी आबांनी खालून पट्ट्या पाहिल्या.

"समद्या साबूत हायेत. चला, चर मोकळा करा."

कड्याखालचा चर दगडमातीनं तुंबला होता. सहा गडी पहारी घेऊन उतरायला लागले. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. ओला चुना ताणला जातो, तडकत नाही. साबूत पट्टीला काही अर्थच नव्हता.

"आबा, सातवी आदीच तडकली व्हती. म्या लिंपली."

"कवा?"

"साहेब येनार म्हून. पाच दिस झालं."

"फट केवडी व्हती? बोट जात व्हतं का नख?"

"ठाव न्हाई, आबा. बगितलंच न्हाई."

"चौथी शिकलाय न्हवं," एक गडी खालून ओरडला, "मढ्याला बी पावडर लावंल ह्यो!"

आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गड्यांना वर बोलावलं आणि एकाला लाल बावटा देऊन गाडी थांबवायला पळवलं. गाडी दुपारपर्यंत उभी. साहेब तणतणत आला. कडा मात्र जिथल्या तिथं. पट्टी कुणी लिंपली, असं त्यानं विचारल्यावर आबा म्हणाले, "माज्या सांगन्यावरनं." त्यांची मुकादमी त्या दिवशी जाता जाता राहिली. शेवटी ते स्वतः वर चढले, पट्टीचं एक टोक फोडलं, फट वाढते का ते कळावं म्हणून आत बोट घालून बसले, आणि त्यांच्या इशाऱ्यावर गाडी माणसाच्या चालीनं काढली. शेवटचा डबा जाईपर्यंत मी त्या हाताकडं बघत होतो. त्या बोटाचे उपकार मी कुठं फेडू?

चरात कुणाला उतरू दिलं नाही. दसऱ्यानंतर तो दगड पहारींनी पाडला. मागं एवढी पोकळी, की मी आत उभा राहिलो असतो. माझा आकडा दरीत गडगडत गेला.

"सात मातुर झ्याक काडला व्हतास," आबा म्हणाले.

परवा इथल्या साहेबानं मला, टोळीच्या मुकादमाला, विचारलं, समोरच्या उताराखालून सामानाची खेचरं सोडू का? खड्ड्यात साखर होतीच, पण वरचा थर किती वजन पेलेल हे म्हाताऱ्यालाही सांगता येईना.

"माहीत नाही, साहेब. थांबवा."

तो मला भित्रा म्हणाला. असेन. खेचरं अजून चंदी खात उभी आहेत. समोरचा उतार पांढराशुभ्र, नुकताच लिंपल्यासारखा, आणि मी सकाळपासून तिकडंच बघत बसलोय.