दर्शनाचा पासवर्ड

बाबा गेल्यापासून आई मानपाड्याला एकटीच राहते. मी कोलशेतला. तिच्या दाराबाहेर, हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात कॅमेरे मीच लावले. नेटवर्किंग हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे जोडणी चोख होती. गळती झाली ती आईकडून.

गणपतीत आईची धाकटी बहीण गावाहून म्हणाली, "यंदा येणं नाही गं, निदान दर्शन तरी घडव." आईनं हॉलमधला कॅमेरा मखराकडे वळवला आणि तिन्ही कॅमेऱ्यांना एकच असलेला पासवर्ड थेट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडल्याचं चित्र. बाप्पा दीड दिवसानं गेले, पासवर्ड तिथेच राहिला. मला पत्ताच नाही.

पुढे माघात टेंभी नाक्याला एका बारशाला ही मावशी भेटली. म्हणाली, "अगं, आईला डॉक्टरकडे ने. ओट्याला धरून उठते हल्ली."

"तुला कसं कळलं?"

"दिसतं की! रोज दुपारी बघते मी."

माझं डोकंच फिरलं. आईच्या स्वयंपाकघरात अख्खं खानदान डोकावू शकत होतं, आणि तो पासवर्ड कुणी आणखी कुणाला दिला असेल ते देवच जाणे. आईला फोनवर झापलं. ती शांतपणे म्हणाली, "देवाच्या दर्शनाला कुणाला नाही म्हणतात का?"

रविवारी जाऊन सगळं नव्यानं केलं. नुसता पासवर्ड बदलून माझं समाधान होणार नव्हतं. कॅमेऱ्यांना वेगळा राउटर दिला, घरातल्या वायफायपासून तोडलं, इंटरनेटकडे जाणारी त्यांची वाट बंद केली. कंपनीच्या ॲपलाही मज्जाव. बाहेरून आत यायचा रस्ता एकच, तोही माझ्या फोनमधल्या डिजिटल किल्लीनं उघडणारा. आता चोर सोडा, मामालोकही आत येणार नव्हते. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

आई चहा घेऊन आली. "आता कोण बघणार?"

"फक्त मी."

"मावशी पण नाही?"

"नाही."

ती खुर्चीवर टेकली. "मी जेवायला बसले की ताट जरा कॅमेऱ्याकडे कलतं करायचे. मग तिचा फोन यायचा, आज भाजी वालाची ना म्हणून. बरं वाटायचं." मग तिनं विचारलं, "तू कधी बघतेस?"

मी समजावून सांगितलं की सतत बघायची गरजच नसते. घरात कुणी पडलं, बराच वेळ हालचाल दिसली नाही, तर त्याच एका रस्त्यानं माझ्या फोनवर आपोआप सूचना येते.

"म्हणजे मी पडले की बघणार."

मला लाज वाटली. मावशीसाठी दुसरी किल्ली मी त्याच संध्याकाळी तयार केली. तिची रोज दुपारी वापरली जाते, नोंदीत दिसतं. माझी अजूनही सूचना आली तरच.