पहिल्या तारखेची मालकीण

पहिल्या तारखेला अख्खा पगार तेरा वर्षांच्या मुलीच्या ओच्यात टाकून निर्धास्त झोपणारा बाप उभ्या मद्रासेत एकच होता, आणि तो नेमका टी. नगरला आमच्या खालच्या बिऱ्हाडात राहत होता. आम्ही त्यांना रावजी म्हणायचो. घराणं तंजावरचं, नोकरी सेंट्रलजवळच्या रेल्वे कचेरीत, बायको वारलेली, आणि घरात अंबू ही एकुलती एक लेक. मी सांगलीहून बदलून आलो, तो पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार पाहिला आणि हातातली कॉफी सदऱ्यावर सांडली. "अहो, एवढीशी पोर! सगळा उडवील की!" मी ओरडलोच. रावजी शांतपणे म्हणाले, "उडवूं दे. अत्तां उडवला तर महिनाभर उपास. मोठी होऊन उडवला तर जन्मभर."

घरमालक भाड्याला आला की रावजी वर्तमानपत्रात डोकं खुपसत. "मज ठाऊक नाहीं, बाईंला इचारा," म्हणत. बाई म्हणजे परकरातली अंबू! बसचे आणि कॉफीचे पैसे ते रोज सकाळी तिच्यापुढे हात पसरून मागायचे. एकदा तिने दुसऱ्या कॉफीला साफ नकार दिला, तर हा गृहस्थ "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, करत मान डोलावून निघाला. माझी बायको जिन्यात तोंडाला पदर लावून उभी होती. बापाची अशी शोभा आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती.

नवरात्राच्या तोंडावर मात्र व्हायचं तेच झालं. तिकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. अंबू मैलापूरला एक बाहुली आणायला गेली आणि रिक्षात अख्खी वरात घेऊन आली. नवरदेव, घोडा, सनईवाले, छत्रीवाला, सगळे. भाडं तेवढं बाजूला ठेवलेलं, बाकी महिना त्या टोपलीत. आता तरी हे चिडतील म्हणून मी कान टवकारले. रावजींनी टोपलीत पाहिलं आणि म्हणाले, "नवरदेव देखणा अहे."

दुसऱ्या दिवसापासून खाली नुसता ताकभात. रावजी पायी कचेरीला जाऊ लागले. पोर सुकत चाललेली. बायकोने आमटीचं पातेलं खाली नेलं, तर त्यांनी ते दारातूनच परत केलं. "तिचा धडा अहे, बाई. त्यांत आमटी नका ओतूं." आता मात्र माझं डोकं फिरलं. कोलू पाहायला बायका येणार, त्यांच्या हातावर हरभऱ्याची उसळ ठेवायला हवी, आणि घरात मूठभर हरभरे नाहीत. आई नसलेल्या पोरीची आळीभर नाचक्की होणार होती. मी तणतणत जिना उतरलो.

खाली पाहतो तो अंबू घोडा, सनईवाले आणि छत्रीवाला टोपलीत भरून समोरच्या मामींकडे निघालेली. विकायला! डोळे रडून लाल. बाहुल्या मांडायच्या आदल्या दिवशी! संध्याकाळी ती हरभरे घेऊन परतली. कोलूत नवरदेव एकटाच उभा राहिला आणि कुणी विचारलं की ती ठसक्यात सांगायची, "तो पुढें आला. वाजंत्री पुढच्या वर्षीं येतील."

"निष्ठुर आहात तुम्ही," मी रावजींना तोंडावर म्हणालो. "बाबांनी घर ठेवलं होतं, शेत ठेवलं होतं," ते म्हणाले. "जो मागेल त्याला देत गेलों. पंचविशीत सगळं संपलं. हातांत पैका कसा धरायचा तें मज कुणी शिकवलं नाहीं. अझून येत नाहीं. मी काय शिकवूं तिला? दुरून पाहतों, इतकंच." मी थक्क झालो. इतके दिवस ज्यांना मी पंतोजी समजत होतो, त्यांना पहिला धडाही येत नव्हता.

अंबू शिकली. पुढे स्वतःच्या लग्नाचा खर्चही तिनेच आखला आणि ती बंगळूरला गेली. ती गेल्यानंतरच्या पहिल्या तारखेला रावजी पगार घेऊन आले, उंबऱ्यात सवयीने "अंबू!" अशी हाक मारली आणि तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने जिना चढून वर आले. पाकीट आमच्या टेबलावर ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "आमचं भाडं किती असतं हो?"

बायकोने आत जाऊन कॉफी ठेवली. त्यांनी ती संपवली, पेला बाजूला ठेवला, आणि दुसरी मिळेल का, असं घाबरत विचारलं.