पेट्यांवरची खूण

सालमीनला मुझना कितपत माहीत होती, असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. तिचा चेहरा त्याने कधी पाहिला नाही. दोआनच्या खोऱ्यात तो ट्रक चालवायचा, तिच्या दाराशी सामान उतरवायचा. ओळख काय ती दारामागच्या आवाजाची.

तिचा नवरा गेल्यावर एका परदेशी मदतसंस्थेने खोऱ्यातल्या बायकांना मधमाश्यांच्या पेट्या वाटल्या. तिच्या पेट्या सालमीननेच पोचवल्या. संस्थेची बाई बजावत होती, "पेटी तुझी, तर नावही तुझंच घाल."

मुझना दारामागे हसली आणि सालमीनला म्हणाली, "ऐकलंत, काका? माझं नाव पेटीवर. म्हणजे बाजारातला प्रत्येक गडी ते वाचत बसणार."

इथे बाईचं नाव परक्या पुरुषांत घेत नाहीत. तिने नवऱ्याच्या घराण्याची खूण तापल्या सळईने पेट्यांवर डागली. तेच रीतीला धरून आहे, असं सगळ्यांनाच वाटलं.

बोरी फुलल्या की मध निघायचा. त्यावर तिने घर लिंपून घेतलं, मुलीला शाळेत ठेवलं, दिरापुढे हात पसरणं बंद केलं. दीर अवद चहाच्या टपरीवर म्हणायचा, "आमच्या वहिनी आता शेठाणी झाल्यात."

मग परदेशातून येणारा पैसा आटला. संस्थेने कचेरी बंद केली, ती बाईही निघून गेली. बोरीचा बहर सरला की पेट्या बाभळीच्या फुलांसाठी किनाऱ्याकडे न्याव्या लागतात, आणि एकट्या बाईने तिकडे जायची सोय नाही. अवद पेट्या घेऊन गेला आणि परतल्यावर त्या आपल्याच म्हणू लागला.

गावच्या बैठकीत एक पेटी मागवली गेली.

"खूण तर तुमच्याच घराची आहे, अवद," एक पंच म्हणाला.

"मग मी दुसरं काय म्हणतोय?"

सालमीन उठला. "पेट्या त्या बाईंच्या आहेत. मीच उतरवल्यात."

"तिच्या हातात दिल्यास?" पंचाने विचारलं.

"दाराशी ठेवल्या."

"तिला पाहिलंस?"

"नाही."

"मग आत कोण होतं, तुला काय ठाऊक?"

"आवाज ओळखतो मी."

कुणीतरी हसलं. "म्हातारा झाला, पण कान तिखट आहेत हो याचे."

सालमीन खाली बसला. पेट्या अवदकडेच राहिल्या.

मुलीची शाळा सुटली. पुढे तिला किनाऱ्यावरच्या एका घरात दिली. मुझनाने घराला कुलूप घातलं आणि लेकीकडे निघाली. तिला पोचवायला सालमीनचाच ट्रक होता. शेजारी जावई, मागे गाठोड्यांत ती. वर्ष सरायच्या आत ती तिकडेच वारली, एवढंच त्याच्या कानावर आलं. तिला पोचवलं त्या दिवशी, सामान उतरवून झाल्यावर, तिने लेकीच्या दारामागून विचारलं होतं,

"काका, चटई ट्रकवर राहिली का?"

"नाही, उतरवली."

"मग निघा तुम्ही. उजेड आहे तोवर घाट चढाल."

"चढतो."