पाहुण्याइतकंच पान

मागच्या डिसेंबरात आठ दिवसांसाठी इंदूरला निघालो तेव्हा बॅगेत कपड्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळलेला वजनकाटा होता. पुस्तकंही दोन होती. रोज सकाळी बाहेर निघाला तो काटाच.

कारण साधं होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा तो पुण्यात डायलिसिसला जात होता. माझी किडनी त्याला जुळत होती, फक्त मी जाड होतो. डॉक्टर म्हणाले होते, ब्याऐंशी किलोच्या खाली या, मग ऑपरेशनची तारीख देतो. चार महिन्यांत नव्वदवरून ब्याऐंशी किलो सातशे ग्रॅमवर आलो होतो. इंदूरहून परतल्यावर सोमवारी शेवटचं वजन व्हायचं होतं.

इंदूरला आमची मोठी बहीण असते. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. भावाने मला शपथ घातली होती. "ताईला कळलं तर ती स्वतःची द्यायला धावत येईल. तिला डायबेटिस, तिची कोणी घेणार नाही. मग ती माझ्या उशाशी बसून रडेल, आणि मला ते झेपणार नाही. तारीख ठरली की सांगू." दर हिवाळ्यात मी तिच्याकडे जातो. न जाणं म्हणजे तिला संशय. म्हणून गेलो.

ताईचं घर मल्हारगंजात. खाली भाड्याने दिलेलं कापडाचं दुकान, वर ती आणि भावोजी दोघंच. भावोजी सरकारी खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचं मन अजून दरबारातच हजेरी लावतं. बैठकीच्या भिंतीवर एक तलवार आहे. त्यांचे खापरपणजोबा संस्थानाच्या मुदपाकखान्याचे दारोगा होते, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरावर देखरेख करायचे. तलवारीने त्यांनी काय चिरलं असेल याचा अंदाज मी मनातच ठेवतो.

पहिल्या दिवशी दुपारी दाल-बाफले होते. बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, तो तुपात बुडवूनच पानात येतो. मी अर्धा घेतला, तोही तुपातला नको म्हणालो.

"क्या बात कर रहे हो," भावोजी म्हणाले. "इंदौरला येऊन डायटिंग? भिया, या वयात कुणाला दाखवायचंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. कोलेस्टेरॉल."

"कोलेस्टेरॉल तर आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही आहे."

मग त्यांनी घराण्याची रीत सांगितली. यजमानीण शेवटी जेवते, आणि पाहुणा जेवढं जेवेल त्याहून एक घासही जास्त घेत नाही. पाहुण्याचं पोट भरलं नाही तर दोष तिच्या हाताचा. खापरपणजोबांच्या काळापासून चालत आलंय म्हणे. सांगताना ते स्वतः चौथा बाफला कुस्करत होते. रीत पुरुषांना लागू नव्हती.

मी हसलो. तलवारीसारखीच हीही भिंतीवर टांगायची वस्तू, असं मला वाटलं. ताई वाढत उभी होती. ती हसली नाही, हे मला नंतर आठवलं.

पुढचे तीन दिवस मी हिशेबी वागलो. सकाळी उठून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाध्यांपर्यंत, चालत जायचो आणि लांबच्या रस्त्याने परत यायचो. वाटेत पोह्यांच्या कढईतून वाफ निघत असे आणि जिलेबीवाल्याच्या हाताकडे बघायचं नाही, असं मी रोज ठरवत असे. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून काट्यावर उभा राहायचो. भावोजींनी तो पाहिला तेव्हा शेजारच्यांना बोलावून दाखवला. "हमारे साले साहब. काटा सोबत घेऊन फिरतात. किराण्याचं दुकान उघडणार आहेत." शेजारी हसले. मीही हसलो.

ताई मात्र बोलेनाशी झाली. तिने गराडू, म्हणजे तिकडचा हिवाळ्यातला कंद, तुकडे करून तळले, आईच्या पद्धतीचं आंबट वरण केलं, गाजराचा हलवा केला. मी प्रत्येकातलं चमचाभर घेऊन बाजूला सारायचो. एकदाच ती म्हणाली, "बायकोच्या हातचं चालतं वाटतं."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

सांगता येत नव्हतं. मी काकडी खात राहिलो. चौथ्या सकाळी काटा ब्याऐंशी किलो शंभर ग्रॅम दाखवत होता. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्काराच्या शालीनेही झाला नव्हता.

त्याच दुपारी जेवणानंतर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ताई ओट्याला धरून उभी होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे. "काही नाही, गरगरतंय जरा," म्हणाली आणि तशीच खाली बसली. साखर एकदम उतरली असावी, म्हणून मी साखरेचा डबा शोधला, पाण्यात कालवून तिला पाजलं. पाच-सात मिनिटांनी तिचे हात थरथरायचे थांबले. ओट्यावर तिचं ताट होतं. एक फुलका, काकडीच्या चार चकत्या, वाटीच्या तळाला वरण. माझं ताटही नेमकं तेवढंच होतं.

"गोळी घेतेस ना तू साखरेची?"

"घेते की."

"आणि चार दिवस एवढंच खातेयस?"

"तू खाल्लंस तेवढं."

"ते भावोजी उगाच बढाया मारतात ताई, ते कोण पाळतं?"

"मी पाळते," ती म्हणाली. "अडतीस वर्षं. त्यांना काय जातं सांगायला."

आयुष्यभर मी लोकांच्या बडेजावाला हसत आलो आणि ते शहाणपण समजलो. बडेजाव ज्याच्या तोंडी असतो तो फक्त बोलतो, त्याची किंमत दुसरंच कोणी उपाशी राहून चुकवतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिथेच, फरशीवर बसून तिला सगळं सांगून टाकायला हवं होतं. शपथ आड आली. खरं तर शपथेहून तिच्या चेहऱ्याची भीती जास्त होती.

तू नीट जेव, असं मी तिला दोनदा म्हणालो. ती हो म्हणाली, पण रात्री मी किती घेतो ते बघूनच तिने स्वतःसाठी पोळी काढून ठेवली. मग मी तिसरी पोळी मागितली. हलवा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबी, दुपारी तुपात बुडवलेले दोन बाफले. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. भावोजी म्हणाले, "आया न ऊंट पहाड़ के नीचे. इंदूरच्या पाण्याचाच तसा गुण आहे." राहिलेले चार दिवस मी जेवत होतो आणि प्रत्येक घासाला पुण्यातली भावाची डायलिसिसची खुर्ची दिसत होती. काटा पुन्हा टॉवेलात गेला.

सोमवारी दवाखान्यातल्या बाईंनी वजन लिहिलं. चौऱ्याऐंशी किलो दोनशे. काही पाणीही असेल, असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी तारीख दिली नाही. महिन्याने या म्हणाले.

तिथूनच मी भावाकडे गेलो. त्याचं डायलिसिस चालू होतं, हाताला नळ्या होत्या. मी आकडा सांगितला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"ताईकडे काय काय होतं?" त्याने विचारलं. त्याला मीठ बंद, केळं बंद, पाणीसुद्धा मोजून.

मी सांगत गेलो. तो डोळे मिटून ऐकत होता. गराडूला मसाला कोणता होता, आंबट वरणात लसूण होता का, सगळं विचारत होता. मग ताईच्या ताटाचंही सांगितलं. साखरेच्या पाण्याचंही. त्याने डोळे उघडले.

त्याने माझ्या खिशाकडे बोट केलं.

"लाव तिला फोन," तो म्हणाला.

"काय सांगणार?"

"सगळं. रडली तर रडू दे. माझ्यापायी ती तिकडे उपाशी राहतेय, आणि मी तिच्या रडण्याला भितोय."

मी स्पीकरवर फोन लावला आणि त्याच्या मोकळ्या हाताशी धरला. दुसऱ्याच घंटेला ताईने उचलला. मागे भावोजींचा टीव्ही ऐकू येत होता.

"पोचलास नीट? जेवलास का?" तिने विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "ताई, मी बोलतोय. तू आधी बस. आणि तू जेवलीस का, ते सांग."