सुदानचा खोर आणि मलकापूरकडची फरशी

फरशीवरनं पाणी वाहत होतं आणि मी गाडी पुढं घातली. गाडी माझी नव्हती, मेव्हण्याची होती. गाडीतली दोन माणसंही माझी नव्हती. एक सुदानमधल्या कुणा आईचा मुलगा होता आणि एक फिनलंडमधल्या कुणाचा तरी बाप. त्यात अस्सल माझा असा फक्त मूर्खपणा होता.

आमच्या भागात फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा, बिनकठड्याचा पूल. उन्हाळ्यात तिच्यावर म्हशी बसतात, पावसाळ्यात तिच्यावरनं ओढा जातो. दोघांपैकी कुणीही वर असलं की माणसानं थांबायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत लोकांना इंग्रजी बोलायला शिकवत होतो, त्यामुळं असल्या किरकोळ गोष्टी माझ्या लक्षात राहत नसत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. क्लासच्या वरची खोली मी एका सुदानी विद्यार्थ्याला भाड्यानं दिली होती. इंग्रजी तो माझ्यापेक्षा बरं बोलायचा. मराठी तो खानावळीत आणि रिक्षा स्टॉपवर शिकला होता, त्यामुळं पुण्याच्या माणसाला कळली नसती अशी ठसठशीत बोलायचा. दुसरा पाहुणा फिनलंडचा. एका फौंड्रीत नवी भट्टी बसवायला तो आला होता आणि मालकानं मला त्याचा दुभाषा नेमलं होतं. वास्तविक दुभाष्याची गरज फारशी पडत नसे, कारण तो बोलतच नसे. दिवसभरात चार वाक्यं झाली की त्याचं बोलणं संपायचं.

संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसायचो आणि आपापल्या देशाच्या गोष्टी निघायच्या. ऐकताना माझी पाचावर धारण बसायची. सुदानी सांगायचा, भर दुपारी आभाळाच्या कडेला मातीची भिंत उभी राहते. ती चालत येते. आई पोरांना घरात ओढते, तोंडावर ओलं फडकं टाकते, आणि मग अंधार. स्वतःचा हात दिसत नाही, दारात बांधलेल्या शेळ्या ओरडत असतात आणि हळूहळू त्यांचा आवाजही येईनासा होतो. फिनलंडवाला हिवाळ्यातल्या समुद्राचं सांगायचा. समुद्र गोठतो, त्याच्यावर रस्ता आखतात, माणसं त्या रस्त्यानं गाडी घेऊन बेटावर जातात. खाली बर्फ कण्हत असतो. त्याची त्यानं घशातनं नक्कल करून दाखवली, तेव्हा माझ्या बायकोनं आतनं विचारलं, "कुणाचं पोट दुखतंय का हो?"

आता ह्याच्यापुढं आम्ही काय सांगायचं? माझा प्रवास म्हणजे खाली बेळगाव, तिकडं सोलापूर आणि एकदा गोवा. गोव्यातही उन्हाचा त्रास होऊन निम्मा वेळ मी लॉजवरच होतो. पण कोल्हापूरच्या माणसानं घरात बसून पाहुण्यासमोर गप्प राहायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मी आमचा पाऊस काढला. शाहूवाडीकडचा, मलकापूरच्या वरचा. धुक्यात बैलाची शिंगं दिसतात पण बैल दिसत नाही, इथपर्यंत खरं सांगितलं. नंतर गाडी घसरली. पुराच्या पाण्यातनं आपण स्कूटर कशी काढली, एकदा नव्हे, हजारदा, हेही सांगून टाकलं.

सुदानी म्हणाला, "आमच्याकडंबी पाऊस येतोय की, सर. वर्षातनं थोडा. पर खोराला, म्हंजी कोरड्या वड्याला, पाणी आलं की..."

मला हसू आवरेना. "अरे, वाळवंटात कसला आलाय पाऊस! शिंपडा म्हण त्याला."

त्याचं वाक्य तिथंच लोंबकळत राहिलं. फिनलंडवाला त्याच्याकडं बघत होता, वाक्य पुरं व्हायची वाट बघत. मी माझ्या स्कूटरच्या गोष्टीवर परत आलो.

इथं एक सांगायला हवं. पूर ही आम्हा कोल्हापूरकरांना बघायची गोष्ट वाटते. पंचगंगेचं पाणी वाढलं की आम्ही पोराबाळांसकट, भाजलेली कणसं हातात घेऊन, पाणी कुठवर आलं ते बघायला जातो. "ह्या सालाला म्हणावं तसं न्हाय," असं म्हणत नदीला नावं ठेवतो आणि घरी येऊन भजी खातो. त्यामुळं पाहुण्यांना पूर दाखवायला न्यायचं मला सुचलं, यात नवल काही नव्हतं. जुलैमधला एक रविवार ठरला. मलकापूरच्या पुढं आत एक धबधबा होता, तो दाखवायचा आणि संध्याकाळी परत.

निघताना बायकोनं धपाटी बांधून दिली आणि मला बाजूला घेतलं. "त्याला पोहता येत न्हाय, माहीत हाय न्हवं?"

"कुणाला?"

"वरच्याला. फरशीवर पाणी दिसलं की माघारी फिरायचं. त्याच्या आईला मी शब्द दिलाय."

हा शब्द कसा दिला गेला, तेही ऐकण्यासारखं आहे. आदल्या वर्षी सुदानी तापानं फणफणला होता तेव्हा त्याच्या आईचा फोन आला. तिला अरबीशिवाय काही येत नव्हतं, हिला मराठीशिवाय. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, मग एकाच वेळी रडल्या. फोन ठेवल्यावर ही डोळे पुसत म्हणाली, "पोराला संभाळा म्हणाली." मी म्हटलं, तुला काय कळलं? तर म्हणाली, "दुसरं काय म्हणणार?"

"काही काळजी करू नकोस," असं मी म्हटलं आणि मेव्हण्याची व्हॅन सुरू केली.

जाताना सगळं झकास होतं. भातलावणी चालली होती, चिखलात वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरली होती आणि लांबनं बघितलं तर शेतात कासवं सोडल्यासारखी दिसत होती. फिनलंडवाल्यानं त्या दिवसाचं पहिलं वाक्य उच्चारलं, "हिरवं." आत वळल्यावर ती फरशी लागली. वरनं पाण्याचा नुसता पदर चालला होता. चाकांनी दोन्हीकडं पिसारे उडवले आणि मी मागं वळून बघितलं, पाहुण्यांना काही वाटलं का म्हणून. सुदानी पाण्याकडं बघत होता. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. पोहता येत नाही म्हणून असेल, असं मी धरलं.

धबधब्यापाशी पाऊस वाढला. वाढला म्हणजे, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायला लागलं. धपाटी ओली झाली. धुकं खाली आलं, धबधबा दिसेनासा झाला आणि नुसता त्याचा आवाज राहिला. तो आवाज चारी बाजूंनी यायला लागला तेव्हा मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. आम्ही माघारी निघालो.

फरशीपाशी आलो तर फरशी नव्हती.

तांबड्या मातीचं पाणी एका बाजूनं येत होतं आणि दुसऱ्या बाजूला खाली पडत होतं. मधे कुठंतरी सिमेंट असणार, असं कडेच्या दगडांवरनं कळत होतं. फरशीच्या कडेला थोड्याथोड्या अंतरावर रोवलेल्या दगडी खुंटांची फक्त डोकी वर होती. पाण्यातनं एक अख्खी बाभळ मुळांसकट आली, खुंटाला अडली, फिरली आणि निघून गेली. पलीकडं माणूस नाही, अलीकडं माणूस नाही.

"सर, नगा जाऊ," सुदानी म्हणाला.

"गुडघाभर पाणी असेल रे."

"सर, थांबूया की. खोर आपोआप उतरतोय. पर उतरंपतुर थांबायचं असतंय."

"खोर कसला खोर! हा ओढा आहे. घाबरलास व्हय?"

हा प्रश्न आमच्याकडं फार वाईट. त्याला 'व्हय' असं उत्तर देणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि तीन वर्षांत तो बिचारा कोल्हापूरकर झाला होता. फिनलंडवाला खाली उतरला, छत्री मिटून पाण्यात खुपसून बघितली, परत आला आणि मला विचारलं, "तुम्ही इथून असे पूर्वी गेला आहात?"

त्या वेळी खरं बोलायला मला फक्त एक शब्द लागला असता. पण गॅलरीतली ती हजार वेळा काढलेली स्कूटर माझ्या मानेवर बसली होती. "गेलोय की," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. आत बसला आणि दोन्ही बाजूंची सरकती दारं सताड उघडी टाकली. खिडक्या खाली केल्या, माझा पट्टाही काढायला लावला.

"अहो, पाणी आत येईल! गाडी मेव्हण्याची आहे!"

"बर्फावर आम्ही असंच करतो," तो म्हणाला. "गाडी खाली गेली तर माणसानं बाहेर पडायचं असतं."

हे ऐकल्यावर तरी मी थांबायला हवं होतं. मी पहिला गिअर टाकला.

निम्म्यापर्यंत गेलो असेन. पाणी आधी चाकांना लागत होतं, मग तळाला ठोकायला लागलं, मग माझ्या पायात आलं. गार. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. त्यानंतरची शांतता मी जन्मात विसरणार नाही. एवढा पाण्याचा आवाज असूनही ती शांतताच होती. आणि मग गाडी सरकली. पुढं नाही, मागं नाही, आडवी. खालनं सिमेंटवर लोखंड घासल्याचा आवाज आला, आणि मला ओळखू आला. गॅलरीत फिनलंडवाल्यानं घशातनं काढून दाखवला होता तोच. गाडी खुंटांना टेकून थांबली. तिथनं पुढं पाणी खाली पडत होतं.

माझे हात स्टिअरिंगला चिकटले. खोटं कशाला बोलू, मी ते फिरवत होतो. बंद गाडीचं.

मागनं सुदानीचा आवाज आला. तो ओरडत नव्हता. "सर, माझ्या चुलत्याची लॉरी हुती. खोरात अशीच थांबली. तिथं पाऊसबी नव्हता, लांब वर पडला हुता. चुलता म्हणाला, आत बसूया, पाणी उतरंल. लॉरी गावली. चुलता गावला न्हाय. उतरा, सर. आत्ता."

गॅलरीत पूर्ण व्हायचं राहिलेलं वाक्य ते हे.

आम्ही वरच्या बाजूनं उतरलो, जिथं पाणी आम्हांला गाडीवर दाबत होतं. फिनलंडवाला पुढं, त्याचा हात धरून सुदानी, सुदानीचा हात धरून मी. पाणी मांडीला होतं. गुडघाभर पाण्याचं माझं माप तिथंही चुकलं होतं. सिमेंटवर साचलेला गाळ पाऊल टाकलं की पायाखालनं निघून जायचा. गाडीचा आधार संपला आणि पुढच्या खुंटापर्यंत काहीच धरायला नव्हतं. मला एकच गोष्ट दिसत होती, सुदानीचं मनगट. ह्याला पोहता येत नाही. ह्याच्या आईला शब्द दिलाय. मी ते मनगट घट्ट आवळलं, हे पोर आता वाहून गेलं तरी माझ्यामुळं नको म्हणून.

आणि माझ्याचमुळं गेलं. माझा पाय घसरला. मी पडलो आणि पडताना त्यालाही घेऊन पडलो. तोंडात माती गेली, डोळ्यांपुढं तांबडं झालं. त्याचं डोकं पाण्याखाली गेलेलं मला दिसलं. दिसलं म्हणजे, दिसेनासं झालं. मी हाक मारली की देवाचं नाव घेतलं, आठवत नाही. माझ्या मुठीत त्याचं मनगट होतं आणि ते माझ्याबरोबर पाणी खाली पडत होतं त्या बाजूला चाललं होतं. ते सोडलं तर तो वाचेल की धरलं तर, हेही मला कळेना. भीतीनं माणसाचं डोकं चालतं म्हणतात. माझं तेव्हा ठार बंद पडलं होतं, मेव्हण्याच्या इंजिनासारखं.

मग हिसका बसला. फिनलंडवाल्यानं एका हातानं खुंटाला मिठी मारली होती आणि दुसऱ्या हातात सुदानीच्या शर्टाची कॉलर होती. त्यानं काही न बोलता ओढलं. सुदानी वर आला, खोकला, ओकला आणि मला म्हणाला, "सर, आता सरळ उभं ऱ्हावा की!"

मी उभा राहिलो. आम्ही निघालो होतो त्याच काठाला परत पोचलो. चिखलात बसलो आणि सुदानीचे हात, पाय, डोकं, सगळं मी चाचपून बघितलं, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखं. आमच्यापुढं ती व्हॅन खुंटांना टेकून अंग घासत होती. फिनलंडवाल्यानं चष्मा शोधला, तो गेला होता.

वरच्या अंगाला दोन-तीन घरं होती. लावणीवरनं नुकतीच परतलेली एक बाई दारात इरलं उभं करत होती. आमच्याकडं बघून तिनं काही विचारलं नाही, आत नेलं, चुलीपुढं बसवलं, घोंगडी दिली. कोरा चहा ठेवला. चहा हातात आल्यावर मग विचारपूस सुरू झाली.

"ह्यो कुठला म्हणायचा?"

"सुदानचा, मावशी," सुदानीनं स्वतःच सांगितलं. "वाळवंट हाय आमच्याकडं."

"मराठी बोलतोय की गं बया! आन् पाऊस?"

"थोडा पडतोय. पर वड्याला पाणी आलं की आम्ही पलीकडं जात न्हाय. बसून ऱ्हातोय."

"शाणा हाईस. आन् ह्यो गोरा?"

मी दातांचा कडकडाट आवरत दुभाष्याचं काम केलं. म्हटलं, ह्यांच्याकडं समुद्राचा बर्फ होतो, माणसं त्याच्यावरनं गाड्या नेतात, पण आधी भोक पाडून जाडी बघतात आणि मगच पाऊल टाकतात.

"ह्योबी शाणा हाय," ती म्हणाली. चुलीत लाकूड सारलं. "मग गाडी कोण चालवत हुतं?"

सुदानी आपल्या चहाकडं बघायला लागला. मराठी न कळणारा फिनलंडवालाही, कसं कोण जाणे, माझ्याकडं बघायला लागला.

"मी," मी म्हटलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आन् पावणं, तुमच्या देशात पाऊस पडत न्हाय जणू?"